नदीचा प्रवाह आणि नदीचा गाळ
(एका हिशेबाची ओळख)

— तृतीय वर्ष कला, भूगोल विभाग

नदी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पाणी येते. किती पाऊस पडला, धरण किती टक्के भरले, किती क्युसेक पाणी सोडले, हे आकडे पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रांत येतात. परंतु नदी पाण्याबरोबर आणखी एक वस्तू वाहून नेते, आणि तिची चर्चा मात्र क्वचितच होते. ती वस्तू म्हणजे गाळ. डोंगरउतारावरची माती, शेतातील मृदेचा वरचा थर, काठाची पडलेली दरड आणि पात्रातील वाळू हे सारे नदीच्या अंगावरचे ओझे आहे. हे ओझे ती कोठे टाकते यावर धरणाचे आयुष्य, पात्राची खोली आणि मुखाशी असलेल्या त्रिभुज प्रदेशाचे अस्तित्व अवलंबून असते.

नदीच्या प्रवाहात बदल झाला तर तिच्या गाळात किती बदल होईल, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. पाणी दहा टक्के घटले तर गाळही दहा टक्के घटेल, असे कोणीही म्हणेल. हे उत्तर चूक आहे. ते का चूक आहे आणि बरोबर उत्तराकडे कसे जावयाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. गणिताचा धसका घेण्याचे कारण नाही. शाळेतील घातांकाचे ज्ञान त्यासाठी पुरेसे आहे.

गाळ कसा मोजतात?

गाळाचे मुख्यतः दोन भाग पडतात. पाण्यात तरंगत जाणारी बारीक माती व रेती म्हणजे निलंबित गाळ. तळाशी घरंगळत, सरपटत किंवा उड्या मारीत जाणारी जाड वाळू व गोटे म्हणजे तळभार. तळभार मोजणे फार कठीण असते. म्हणून बहुतेक नद्यांचे प्रसिद्ध होणारे आकडे निलंबित गाळाचेच असतात. कोणताही आकडा वाचताना हे ध्यानात ठेवावयास हवे.

आपल्या देशात मोठ्या नद्यांवर केंद्रीय जल आयोगाची मापनकेंद्रे आहेत. तेथे प्रथम नदीचा विसर्ग काढतात. पात्राच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे विसर्ग, म्हणजेच दर सेकंदाला वाहणारे घनमीटर पाणी. यानंतर पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या ०.६ इतक्या अंतरावरून बाटलीने पाण्याचे नमुने घेतात, ते गाळतात, वाळवितात आणि गाळाचे वजन करतात. एका लिटर पाण्यात किती ग्रॅम गाळ आहे हे त्यावरून कळते. ही संहती आणि त्या दिवसाचे एकूण पाणी यांचा गुणाकार केला की त्या दिवशी वाहून गेलेल्या गाळाचे टन मिळतात.

मात्र गाळाचे नमुने सर्व ठिकाणी, सर्व वर्षांत आणि रात्री-अपरात्रीच्या पुरात घेतलेले नसतात. पाण्याच्या पातळीच्या नोंदी त्या मानाने पुष्कळ जुन्या व सलग असतात. म्हणून अभ्यासक एक युक्ती योजतात. ज्या दिवशी दोन्ही मोजमापे झाली त्या दिवसांवरून प्रवाह व गाळ यांचा परस्परसंबंध शोधावयाचा, आणि जेथे केवळ प्रवाह ठाऊक आहे तेथे तो संबंध वापरून गाळाचा अंदाज करावयाचा. या संबंधाच्या आलेखाला आपण ‘गाळ-प्रवाह वक्र’ म्हणू.

वक्राचे रहस्य

हा संबंध साधारणपणे पुढील स्वरूपाचा असतो. प्रवाहाचा ‘न’ वा घात घ्यावयाचा आणि त्याला ‘क’ या स्थिरांकाने गुणावयाचे, की गाळाचे टन मिळतात. ‘क’ हा अंक साधारणपणे पाणलोट क्षेत्र किती गाळ पुरविते हे सांगतो. माती भुसभुशीत, उतार उघडे आणि जंगल तुटलेले असेल तर तो मोठा असतो. ‘न’ हा घातांक प्रवाह वाढला असता गाळ किती वेगाने वाढतो हे दाखवितो.

‘न’ ची किंमत १ असती तर पाणी दुप्पट झाल्यावर गाळही दुप्पट झाला असता आणि आपले वरचे सोपे उत्तर खरे ठरले असते. प्रत्यक्षात बहुतेक नद्यांत ‘न’ ही १ पेक्षा बरीच अधिक, पुष्कळदा दीड ते अडीचच्या दरम्यान असते. याचे कारण उघड आहे. पुराचे पाणी नुसते जास्त नसते, ते वेगवानही असते. ते अधिक जाड कण उचलू शकते, काठ खाते, आणि शेतातून ओघळत येताना स्वतःच गढूळ होऊन आलेले असते. पाणीही वाढले आणि प्रत्येक लिटरमधील गाळही वाढला, असा दुहेरी परिणाम होतो. एखाद्या नदीत २०० घनमीटर प्रवाहाला रोज ८०० टन गाळ आणि २००० घनमीटर प्रवाहाला ८०,००० टन गाळ जात असेल, तर पाणी दहापट झाल्यावर गाळ शंभरपट झाला. म्हणजे तेथे ‘न’ बरोबर २ आहे.

एका काल्पनिक नदीचे उदाहरण

आता याच नदीचे पूर्ण वर्ष घेऊ. ही नदी काल्पनिक आहे, पण तिचा स्वभाव आपल्या पावसाळी नद्यांसारखा आहे. तिच्यात रोजचा गाळ टनांमध्ये म्हणजे ०.०२ गुणिले प्रवाहाचा वर्ग. वर्षाचे ३६५ दिवस पुढीलप्रमाणे वाटले आहेत असे समजा :

मोठ्या पुराचे १० दिवस, प्रवाह ५००० घनमीटर प्रतिसेकंद. गाळ रोज ५ लाख टन, एकूण ५० लाख टन.
पावसाळ्याचे इतर ११० दिवस, प्रवाह १००० घनमीटर. गाळ रोज २०,००० टन, एकूण २२ लाख टन.
कोरडे २४५ दिवस, प्रवाह १०० घनमीटर. गाळ रोज २०० टन, एकूण ४९,००० टन.

वर्षाची बेरीज सुमारे ७२.५ लाख टन होते. यात मोठ्या पुराच्या अवघ्या १० दिवसांनी वर्षाच्या पाण्यापैकी सुमारे २७ टक्के पाणी नेले, पण गाळ मात्र ६९ टक्के नेला. उलट आठ महिन्यांच्या कोरड्या काळाचा वाटा एक टक्काही नाही.

आता कोणी घाईने वर्षाचा सरासरी प्रवाह काढला तर तो सुमारे ५०५ घनमीटर येतो. ही सरासरी वक्रात घालून ३६५ ने गुणले तर उत्तर येते सुमारे १८.६ लाख टन, म्हणजे खऱ्या आकड्याचा जेमतेम चौथा हिस्सा! नदीच्या खोलीची सरासरी काढून कुटुंबाला पाण्यात उतरविणाऱ्या कारकुनाची गोष्ट आपण ऐकली आहे. हिशेब बरोबर होता, कुटुंब मात्र बुडाले. गाळाच्या बाबतीत सरासरी प्रवाह वापरणारा माणूस त्याच कारकुनाचा भाऊबंद होय. म्हणून या अभ्यासात किती प्रवाह किती दिवस टिकला याचा तक्ता मांडून प्रत्येक गटाचा गाळ वेगळा काढतात व शेवटी बेरीज करतात.

प्रवाह बदलला तर?

प्रवाहातील बदल दोन प्रकारचा असू शकतो.

पहिल्या प्रकारात पाणी सर्वच दिवशी सारख्या प्रमाणात घटते. प्रत्येक दिवसाचा प्रवाह दहा टक्क्यांनी कमी झाला असे धरू. ०.९ चा वर्ग ०.८१ म्हणून गाळ ७२.५ वरून सुमारे ५८.७ लाख टनांवर येईल. पाण्यात दहा टक्के घट, पण गाळात एकोणीस टक्के.

दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा आहे, कारण धरणांमुळे तो घडतो. येथे वर्षाचे एकूण पाणी तेवढेच राहते, परंतु त्याची वाटणी बदलते. पुराचा माथा छाटला जातो आणि ते पाणी हिवाळ्या-उन्हाळ्यात सोडले जाते. आपल्या नदीत पुराचे १० दिवस ५००० ऐवजी २००० घनमीटरचे झाले आणि वाचलेले पाणी २४५ कोरड्या दिवसांत वाटले असे समजा. त्या दिवसांचा प्रवाह १०० वरून सुमारे २२२ होतो. वर्षाच्या पाण्यात एका थेंबाचा फरक नाही. गाळ मात्र ८ लाख, २२ लाख आणि सुमारे २.४ लाख मिळून ३२.४ लाख टन, म्हणजे पूर्वीच्या निम्म्याहून कमी! आणि यात धरणात अडकून राहिलेला गाळ अजून धरलेलाच नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नदीचा गाळ किती हे ठरविताना वर्षाला किती पाणी आले यापेक्षा ते कसे आले हा प्रश्न मोठा आहे.

धरण गाळ अडविते तेव्हा

जलाशयात शिरताच पाण्याचा वेग मरतो आणि गाळ खाली बसतो. किती गाळ बसेल याचा ठोकताळा अमेरिकन अभ्यासक ब्रून यांनी १९५३ साली दिला. जलाशयाची क्षमता आणि वर्षभरात येणारे पाणी यांचे गुणोत्तर काढावयाचे. ते १ च्या आसपास असेल, म्हणजे जलाशय वर्षाचे सारे पाणी सामावू शकत असेल, तर ९५ टक्क्यांहून अधिक गाळ अडकतो. ते ०.१ असले तरीही साधारण ८५ टक्के गाळ अडकतो. लहान बंधाऱ्यांत, जेथे हे गुणोत्तर ०.०१ इतके कमी असते, तेथे निम्म्याहून अधिक गाळ पुढे निघून जातो.

आता तीन आकडे हाती आले की बदलाची कारणे वेगळी करता येतात. पहिला आकडा, धरणापूर्वीचा मोजलेला गाळ. दुसरा, जुन्या वक्रात नवा प्रवाह घालून मिळणारा गाळ. तिसरा, आज प्रत्यक्ष मोजलेला गाळ. आपल्या उदाहरणात हे आकडे ७२.५, ३२.४ आणि, समजा, २० लाख टन आहेत. एकूण घट ५२.५ लाख टनांची. त्यांपैकी पहिल्या दोहोंतील फरक, म्हणजे सुमारे ४० लाख टन, प्रवाह बदलल्यामुळे. उरलेली १२.४ लाख टनांची घट गाळाचा पुरवठाच आटल्यामुळे, म्हणजे जलाशयातील साचणी, वाळूउपसा किंवा मृद्संधारण यांमुळे झाली. प्रवाह व गाळ यांच्या अनेक वर्षांच्या बेरजा एकमेकींसमोर मांडून रेषेला बाक कोणत्या वर्षी येतो हेही पाहतात. धरण पुरे झाल्याचे वर्ष आणि बाकाचे वर्ष जुळले तर कारणाचा धागा हाती लागतो.

गोदावरीचा दाखला

हा हिशेब आपल्या गोदावरीला लावून पाहू. त्र्यंबकेश्वरला उगम पावून १४६५ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचे खोरे ३,१२,८१२ चौरस किलोमीटरचे असून त्याचा जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात आहे. नाशिक-मराठवाड्याची काळी माती, तसेच वर्धा, पैनगंगा व वैनगंगा यांनी प्राणहितेतून आणलेली विदर्भाची माती मिळून आंध्रातील तो सुपीक त्रिभुज प्रदेश घडला आहे. दवळेश्वरमला सर आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये पूर्ण केलेल्या बंधाऱ्याने तेथील शेतीला पाणी दिले, पण जमीन दिली ती वरच्या खोऱ्यातील गाळाने.

गोदावरीचे वार्षिक पाणी सरासरी ११० अब्ज घनमीटरच्या आसपास मानतात. १९७० च्या दशकात ती दरवर्षी सुमारे १५ कोटी टन निलंबित गाळ खाली नेत असे. म्हणजे एका घनमीटर पाण्यात सुमारे १.३६ किलो गाळ होता. १९९० नंतरच्या दशकात हाच आकडा पावणेसहा कोटी टनांच्या आसपास उतरला. पूर्वीच्या गाळाचा फक्त ३८ टक्के भाग उरला.

ही घट केवळ पाणी कमी झाल्याने झाली असे क्षणभर धरू आणि उलटा हिशेब करू. ‘न’ दीड असेल तर गाळ ३८ टक्क्यांवर येण्यासाठी रोजचा प्रवाह सुमारे ५२ टक्क्यांवर यावा लागेल. ‘न’ दोन असेल तर सुमारे ६२ टक्क्यांवर. म्हणजे नदीचे चाळीस ते पन्नास टक्के पाणी नाहीसे व्हावयास हवे होते. खोऱ्यातील पावसात एवढी घट झालेली नाही. तेव्हा ‘पाऊस कमी झाला म्हणून गाळ कमी झाला’ हे स्पष्टीकरण टिकत नाही. पुरांचे छाटलेले माथे आणि जलाशयांत अडकलेला गाळ यांकडेच बोट दाखवावे लागते. १९७६ मध्ये पैठणला पुरे झालेले जायकवाडी, पुढे तेलंगणातील श्रीरामसागर आणि उपनद्यांवरील अनेक धरणे यांची ही एकत्रित करणी आहे. दोहोंचा नेमका वाटा किती, हे प्रत्येक मापनकेंद्राच्या रोजच्या नोंदी घेऊन वर सांगितल्याप्रमाणे काढावे लागेल.

या घटीची किंमत दोन टोकांना मोजावी लागते. खालच्या टोकाला समुद्र पुढे सरकतो. त्रिभुज प्रदेशाची माती स्वतःच्या भाराने सतत दबत असते आणि दरवर्षीचा नवा गाळच ती भरून काढतो. तो न आल्यामुळे गोदावरीच्या मुखाजवळचा किनारा ठिकठिकाणी झिजत आहे. वरच्या टोकाला धरण भरत जाते. जायकवाडीची एकूण क्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यांपैकी ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा आहे. गाळ या मृतसाठ्यातच बसतो अशी समजूत असते, ती अपुरी आहे. जाड गाळ जलाशयाच्या तोंडाशीच, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या जागेत, पडतो. मराठवाड्याच्या पिण्याच्या पाण्याची आणि उसाला द्यावयाच्या पाण्याची जागाच तो व्यापतो.

महाराष्ट्रात २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली. धरणातील माती परत शेतात नेण्याची कल्पना उत्तम आहे. तथापि प्रमाणाचे भान हवे. साचलेल्या गाळाचे वजन घनमीटरला सुमारे १.२ टन धरले, तर आपल्या काल्पनिक नदीचा एका वर्षाचा ७२ लाख टन गाळ ६० लाख घनमीटर होतो. दहा घनमीटरच्या डंपरला त्यासाठी सहा लाख खेपा माराव्या लागतील. लहान तलावासाठी हा उपाय लागू पडतो. मोठ्या धरणासाठी माती शेतातून निघण्यापूर्वीच अडविणे हाच खरा मार्ग होय.

इतर देशांतही हेच घडले आहे. १९७० साली आस्वानचे उंच धरण पुरे झाल्यानंतर नाईलचा गाळ नासर सरोवरात राहू लागला आणि रोझेटाजवळचा किनारा समुद्राने खाल्ला. चीनच्या पीत नदीवरील सानमेन्शिया धरण १९६० मध्ये पाणी अडवू लागले, आणि त्यात गाळ इतक्या वेगाने साचला की थोड्याच वर्षांत गाळ बाहेर सोडण्यासाठी त्याची रचना बदलावी लागली.

काही सावधगिरीच्या गोष्टी

गाळ-प्रवाह वक्र उपयुक्त असला तरी तो आंधळेपणाने वापरू नये.

एक, सारख्याच प्रवाहाला सारखाच गाळ असतो असे नाही. मृगाच्या पहिल्या पुराचे पाणी आणि श्रावणातील तेवढ्याच उंचीचे पाणी यांचा रंग वेगळा असतो, हे नदीकाठचा प्रत्येक शेतकरी जाणतो. उन्हाळ्यात भेगाळलेली, नांगरलेली माती पहिल्या पावसात सुटून जाते. पुढे पीक उभे राहते, गवत माजते व माती धरली जाते. म्हणून महिन्यांनुसार वेगळे वक्र काढणे बरे.

दोन, वक्र काढताना दोन्ही राशींचे लॉगॅरिथम घेऊन सरळ रेषा बसवितात व मग उलट रूपांतर करतात. या रूपांतरात अंदाज नेहमी कमी येतो. फर्ग्युसन यांनी १९८६ मध्ये दाखविले की ही तूट पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तेव्हा दुरुस्तीचा गुणक लावणे आवश्यक आहे.

तीन, मोजलेल्या मर्यादेच्या पलीकडे वक्र ताणणे धोक्याचे असते. ऑगस्ट १९८६ च्या महापुरात दवळेश्वरमला सुमारे ३५ लाख क्युसेक, म्हणजे ९९,००० घनमीटर प्रतिसेकंद पाणी आले. गोदावरीच्या सरासरी प्रवाहाच्या ते सुमारे २८ पट होते. ‘न’ दीड धरला तर त्या दिवसाचा गाळ सरासरी प्रवाहाच्या दिवसापेक्षा सुमारे दीडशेपट येतो. ‘न’ दोन धरला तर आठशेपट! घातांकातील अर्ध्याचा फरक उत्तरात पाचपटींहून अधिक फरक पाडतो. म्हणूनच पुराच्या दिवशी, जेव्हा नमुना घेणे सर्वांत अवघड असते, तेव्हाच तो घेणे सर्वांत मोलाचे असते.

समारोप

हा अभ्यास केवळ अभियंत्यांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. भूगोलाचा विद्यार्थी एक लिटरची बाटली, गाळणकागद व प्रयोगशाळेतील तराजू एवढ्या साहित्यावर आपल्या गावच्या नदीचे पावसाळ्यातील नमुने घेऊ शकतो. मात्र पुराच्या वेळी पात्रात उतरू नये, पुलावरून दोरीने बाटली सोडावी. पुलाच्या खांबावरील पातळीच्या खुणा आणि नमुन्यांची वजने तारखेनिशी लिहून ठेवली, तर दोन-तीन पावसाळ्यांत त्या ठिकाणचा एक कच्चा वक्र हाती येईल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्याला धरणाच्या घटत्या साठ्याची किंमत जोडावी आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने जुन्या पुरांच्या नोंदी शोधाव्यात.

नव्या धरणाचा प्रस्ताव आला की किती पाणी अडेल आणि किती हेक्टर भिजेल हे आपण विचारतो. याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारण्याची सवय लागावयास हवी : पुराचे ते मोजके दिवस कमी झाल्यावर खालच्या नदीला किती गाळ मिळेल, आणि न मिळालेला गाळ कोणाच्या जलाशयात किती वर्षांत भरेल? या प्रश्नांची उत्तरे कागदावर काढता येतात. ती धरण बांधण्यापूर्वी काढली गेली, तर पुढच्या पिढीला धरणही लाभेल आणि किनाऱ्यावरची जमीनही.